‘स्वदेसी’चे पान: रॅप करणाऱ्या गटाला विकिपीडियावर जागा द्यायची कशी?

मंडळाच्या युवा शाखेने यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवले, की मराठी विकिपीडिया नुसता वाचायचा नाही, त्यावर एक लेख आपणही लिहायचा. विषय मुलांनीच निवडायचा होता. आमची अपेक्षा होती की कोणी राजवाड्यावर लिहील, कोणी सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्यावर. मुलांनी निवडला मुंबईचा ‘स्वदेसी’ हा हिप-हॉप गट.

पहिल्या बैठकीत व्हायचे तेच झाले. “विश्वकोशात रॅपवाले? मग उद्या वरातीतल्या बँडवाल्यांवरही लेख येईल,” असे एक काका म्हणाले. एका आजींना शिव्यांची काळजी होती. मुलांचे उत्तर तयार होते: “काका, एकदा ऐका तर सही. यूट्यूबवर इतक्या लोकांनी ऐकलंय, अजून काय हवं?” (हे ‘ऐका तर सही’ पुण्याच्या पाहुण्यांना खटकते, पण आमच्या स्नेहलतागंजातली मराठी अशीच आहे.) दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत हे आमच्या दुसऱ्या बैठकीत ध्यानात आले. गाणे चांगले की वाईट हा विकिपीडियाचा प्रश्न नसतोच, आणि ते किती जणांनी ऐकले हाही नसतो. मग तिथे काय बघतात, हे अनेक पालकांनी नंतर विचारले. म्हणून हा लेख.

आधी या गटाविषयी थोडेसे. ‘स्वदेसी’ हा मुंबईतल्या तरुण रॅपरांचा गट गेल्या दशकाच्या पूर्वार्धात उभा राहिला. मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत ते रॅप करतात, आणि विषय बहुधा आपल्या अवतीभवतीचे, सामाजिक असतात. एमसी मवाली, एमसी तोडफोड, महार्या, १०० आरबीएच ही त्यांतली काही नावे. आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यांचे आणि जंगलाचे गाऱ्हाणे मांडणारे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे २०१९ साली आले. त्यात आरेमधले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे रात्रीतून तोडली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या तोडीला स्थगिती दिली, हे आपल्याला आठवत असेल. २०२० मध्ये ‘आझादी रेकॉर्ड्स’ या स्वतंत्र कंपनीने त्यांचा ‘चेतावणी’ हा अल्बम काढला. घरातल्या ज्येष्ठांसाठी आणखी एक धागा: मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी ‘ता धोम प्रोजेक्ट’ या उपक्रमातून या गटातल्या मुलांना कर्नाटक पद्धतीच्या तालाचे बोल शिकवले. आपल्याकडे तबल्याचे कायदे तोंडाने म्हणून घेतात तसेच. हे ऐकल्यावर काकांचा विरोध निम्मा उतरला. अर्थात लेखाला त्याचा काही उपयोग नव्हता.

आता मूळ मुद्दा. आपल्या पिढीच्या मनात विश्वकोश म्हणजे जाडजूड खंडांची रांग. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. केतकरांचा जन्म रायपूरचा, म्हणजे ते आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरच्या मातीतले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. अशा कोशात कोणती नोंद घ्यायची हे संपादक मंडळ ठरवते, आणि नोंद त्या विषयाचा जाणकार लिहितो. कोशावर विश्वास ठेवायचा तो त्या नावांवर.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथे तर्कतीर्थ नाहीत. लिहिणारा इंदूरच्या कॉलेजातला मुलगा असेल, नाहीतर निवृत्त बँक अधिकारी. त्यामुळे ‘हे खरे कशावरून?’ या प्रश्नाला लिहिणाऱ्याचे नाव उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर संदर्भाला द्यावे लागते. प्रत्येक विधान आधी कुठेतरी, जबाबदार ठिकाणी, छापून आलेले असावे, हा सगळा नियम इथून निघतो. कोणी संदर्भ मागितला तर तो आपला अपमान करत नसतो, हे नवीन लिहिणाऱ्यांना समजायला वेळ लागतो. आम्हालाही लागला.

स्वतंत्र लेखाला पात्र असण्याला तिथे ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. उल्लेखनीय म्हणजे थोर असे आपण धरतो, तिथे त्याचा अर्थ बराच रुक्ष आहे: त्या विषयाशी संबंध नसलेल्या लोकांनी त्याविषयी सविस्तर लिहिले आहे का? प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम स्वतः करतो. इंग्रजीत मात्र संगीतकारांसाठी निकषांची वेगळी यादी आहे, आणि आम्ही तीच मोजपट्टी म्हणून हाती घेतली. यादीत पुष्कळ गोष्टी आहेत: मोठा पुरस्कार, विक्रीच्या अधिकृत याद्या, मोठ्या किंवा नावाजलेल्या स्वतंत्र कंपनीकडून निघालेले दोन तरी अल्बम. यातला एकही निकष पुरा झाला तर लेखाची शक्यता निर्माण होते, हमी मिळत नाही. सर्वांत भक्कम निकष मात्र पहिलाच आहे. एकाहून अधिक, स्वतंत्र, विश्वासार्ह प्रकाशनांनी त्या कलाकारावर भरीव असे काही लिहिलेले असावे.

मुलांनी कात्रणे जमवली तेव्हा ढीग मोठा होता. मग चाळणी लावली. गटाने स्वतः टाकलेले व्हिडिओ आणि त्यांच्या पानांवरचा मजकूर बाजूला गेला, कारण तो त्यांचाच. कंपनीची प्रसिद्धिपत्रके गेली. ‘शनिवारी अमुक ठिकाणी कार्यक्रम आहे’ अशा सूचनाही गेल्या. दर्शकसंख्या तर पुरावाच नव्हे, ती विकतही मिळते. मुलाखतींवर सर्वांत जास्त वाद झाला. मुलाखत वर्तमानपत्रात छापली गेली, मग चालत का नाही? थोडी चालते. ‘आम्ही असे सुरू झालो’ हे कलाकाराचे म्हणणे म्हणून देता येते, पण पात्रता ठरवताना तिचे वजन कमी, कारण बोलणारा आपल्याविषयीच बोलत असतो. लग्नाच्या बायोडाटावर किती विसंबायचे हे आपल्या घरांना सांगायला नको.

एवढे चाळूनही ‘स्वदेसी’ उरले. इंग्रजी दैनिकांनी आणि ‘रोलिंग स्टोन इंडिया’सारख्या संगीताच्या नियतकालिकाने त्यांच्याविषयी लिहिले आहे. ‘वारली रिव्होल्ट’ची दखल तर आरेच्या बातम्यांबरोबरही घेतली गेली. मराठी लेखाला मराठीच संदर्भ हवेत असेही नाही, कोणत्याही भाषेतला विश्वासार्ह संदर्भ चालतो. ज्यांना वाटत होते की मराठी गाण्याला इंग्रजी दाखला लावणे कमीपणाचे, त्यांना आम्ही एवढेच विचारले, की मग मराठीत सविस्तर लिहायचे कोणी होते?

हीच खरी अडचण आहे. ‘अंडरग्राउंड’ कलाकार म्हणजे रेडिओ, मोठी कंपनी, टीव्ही यांच्या वाटेने न जाणारा, आपल्या वस्तीतल्या, आपल्या वयाच्या लोकांसाठी गाणारा. विश्वकोशाला मात्र छापील साक्षीदार लागतो. कलाकार जितका त्या वाटेपासून दूर, तितका त्याचा साक्षीदार दुर्मिळ. मुंबईबाहेर, इंग्रजी दैनिकांच्या नजरेबाहेर जे गट आहेत त्यांचे काय, हे यातूनच कळावे. १०० आरबीएच मूळचा अमरावतीचा. तो तिथेच राहिला असता, तर मुलांना त्याच्यावरची कात्रणे सापडली असती का, याची आम्हाला शंका आहे.

मराठीत हे पहिल्यांदा घडत नाही. शाहिरांचे पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच होते. १८९१ मध्ये हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून छापले, म्हणून अफजलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास आज कोशात आहे. अ‍ॅक्वर्थ मुंबईचे महापालिका आयुक्त होते, शाहिरीशी त्यांचे नाते लागायचे तसे काही कारण नव्हते. त्यांच्या संग्रहात जे आले नाहीत त्या शाहिरांची गुणवत्ता कमी होती असे कोणी म्हणणार नाही. आणि प्रतिष्ठेचेच म्हणाल तर आपल्या अहिल्याबाईंची गोष्ट आहेच. संगमनेरच्या अनंत फंदींना त्यांनी तमाशाऐवजी कीर्तनाला लागण्याचा उपदेश केला आणि फंदी कीर्तनकार झाले असे सांगतात. गंमत अशी की आज कोश फंदींची ओळख शाहीर म्हणूनच करून देतात.

पुन्हा आपल्या लेखाकडे. लेख व्हावा हे ठरल्यावर ‘कोणाचा’ हा प्रश्न उभा राहिला. मुलांना प्रत्येक रॅपरचे स्वतंत्र पान हवे होते. इथे आम्ही हात आखडता घेतला. नियम असा, की गट उल्लेखनीय असेल तर सदस्यांची माहिती गटाच्या पानात द्यावी, आणि एखाद्याने गटाबाहेर स्वतःच्या बळावर तेवढी दखल मिळवली असेल तरच त्याचे वेगळे पान करावे. सदस्याचे नाव शोधणाऱ्याला गटाच्या पानावर आणून सोडता येते, त्याला पुनर्निर्देशन म्हणतात. सिनेमाचा मुद्दाही असाच. ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात तोडफोड, महार्या आणि १०० आरबीएच यांचे आवाज आहेत. मुलांना हा हुकमाचा पत्ता वाटला. निकषात गाजलेल्या चित्रपटातल्या सहभागाला जागा आहे, पण त्याच ओळीत पुढे म्हटले आहे, की तेवढा एकच दावा असेल तर चित्रपटाच्या लेखात उल्लेख करून थांबलेले बरे. आम्हाला हे शहाणपणाचे वाटते. एका चित्रपटातल्या एका गाण्यावर कोणाची ओळख उभी करणे त्या कलाकारालाही न्याय देणारे नाही.

लेखाच्या शीर्षकाने पूर्ण एक संध्याकाळ खाल्ली. गटाचे नाव ‘स्वदेसी’, दंत्य स. शुद्धलेखनाचा कैवार घेतलेला कोणीतरी येऊन त्याचे ‘स्वदेशी’ करणार हे ठरलेले, आणि मग वाचक लोकमान्यांच्या चळवळीवर जाऊन पडणार. म्हणून शीर्षकात कंसात ‘हिप-हॉप गट’ लिहायचे, आणि चर्चा पानावर आधीच खुलासा करून ठेवायचा, की ही चूक नाही, नावच तसे आहे. १०० आरबीएचचे कोडे आणखी मजेदार. रोमन लिपीत शंभरच्या आकड्यापुढे तीन अक्षरे लिहिली की ‘सौ’ आणि ‘रभ’ मिळून सौरभ होते. देवनागरीत ‘आरबीएच’ लिहिले की श्लेष मेला, आणि ‘सौरभ’ लिहिले तर ते त्याचे रंगमंचावरचे नाव राहत नाही. आम्ही आकडा ठेवला आणि पुढे एका वाक्यात फोड केली. आजींनी तिथे पहिल्यांदा दाद दिली: “मोरोपंतांना आवडला असता हा पोरगा.”

मजकुरात काय घ्यायचे यावर मतभेद कमी होते, पण सवयी जास्त आड आल्या. मुलांच्या कच्च्या खर्ड्यात ‘क्रांतिकारी’, ‘निर्भीड’, ‘व्यवस्थेला हादरा देणारा’ असे शब्द होते. मंडळाच्या स्मरणिकेत आपण सगळे असेच लिहितो, म्हणून कोणी दचकले नाही. विकिपीडियावर ते चालत नाही. एखाद्या समीक्षकाने तसे म्हटले असेल तर त्याच्या नावाने सांगावे, आपल्या तोंडाने नाही. आरेविषयीही तेच. गाणे कोणाची बाजू घेते हे लिहायचे, लेखाने स्वतः बाजू घ्यायची नाही. गाण्याच्या ओळी मात्र उतरवून द्यायच्या नाहीत, कारण शब्दांवर स्वामित्वहक्क असतो. आजींच्या शिव्यांचा प्रश्न इथेच आपोआप मिटला. फोटो सापडला तो उचलला असेही चालत नाही. आपल्यापैकी कोणी कार्यक्रमात स्वतः काढलेला फोटो मुक्त परवान्याने द्यायला तयार असेल तर तो घेता येतो. आणि जिवंत माणसांविषयी लिहिताना हात जपून: जात, घर, कुटुंब, भांडणे यांतले काहीही केवळ ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून घालायचे नाही.

एमसी तोडफोडवरचा परिच्छेद लिहायला सर्वांत जड गेला. धर्मेश परमार हे त्याचे नाव. तो प्रामुख्याने गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये वयाच्या २४व्या वर्षी तो गेला. त्याच्याविषयीची कात्रणे तारखेप्रमाणे लावली तेव्हा एका मुलीच्या ध्यानात आले, की निम्म्याहून अधिक कात्रणे त्या एका आठवड्यातली आहेत. जिवंतपणी जितके लिहिले गेले नाही तितके त्या सात दिवसांत. संदर्भाच्या हिशेबात ती कात्रणे उत्तम, स्वतंत्र आणि सविस्तर आहेत. ती वापरायची नाहीत असे म्हणायला काही आधार नव्हता, आणि वापरताना कोणालाच बरे वाटत नव्हते. शेवटी असे ठरले, की मृत्यूची नोंद एका वाक्यात, आणि त्या मृत्युलेखांमध्ये त्याच्या कामाविषयी जे सांगितले आहे ते आपापल्या जागी, कामाच्या क्रमाने.

नियम कधी कधी थिटे पडतात हेही मुलांना सांगायला हवे होते. डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर २०१८ च्या मे महिन्यात पुरेशा संदर्भांअभावी परत गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. जगाने आधी लिहिले नाही म्हणून कोशाने लिहिले नाही. छापील शब्द कमी असलेल्या समाजांचे ज्ञान कसे नोंदवायचे, यासाठी अचल प्रभला यांनी २०११ मध्ये तोंडी साक्षींचा संदर्भ म्हणून वापर करून पाहण्याचा प्रयोग केला होता, त्यात भारतातल्या भाषाही होत्या. त्यावर खूप चर्चा झाली, पण सर्वसाधारण नियम अजून छापील शब्दाकडेच झुकतो.

हे ऐकून काका म्हणाले, “मग आपल्या इंदूरच्या मराठी लोकांचं काय?” त्यांचा हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा भरले, त्याची नोंद आहे, कारण अध्यक्षांची भाषणे छापली गेली. पण आपल्या गल्ल्यांतले गणेशोत्सवातले मेळे, नाटकमंडळ्या, हौशी गायक? ते आपापल्या काळातले अंडरग्राउंडच होते. त्यांच्याविषयी जे काही छापले गेले ते बहुधा घरातल्या ट्रंकेत, एखाद्या स्मरणिकेत किंवा जुन्या दैनिकाच्या कात्रणात आहे. दैनिकाचे कात्रण असेल, त्यावर तारीख आणि नाव वाचता येत असेल, तर ते बाहेरच्या माणसाचे लिहिणे ठरते, म्हणजे उत्तम साक्षीदार. मंडळाने मंडळाविषयी काढलेली स्मरणिका स्वतंत्र नव्हे, ती पात्रता सिद्ध करू शकत नाही. तरी कार्यक्रमाची तारीख, कलाकारांची यादी अशा साध्या तपशिलाला ती उपयोगी पडते. फेकू नका एवढे सांगणे आहे. युवा शाखेने कात्रणे स्कॅन करून द्यायची तयारी दाखवली आहे, मूळ प्रत त्याच दिवशी परत मिळेल.

‘स्वदेसी’चा लेख सध्या धूळपाटीवर आहे. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला हे सुंदर नाव आहे, ज्यांनी पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवल्याचे आजोबांकडून ऐकले आहे त्यांना ते लगेच कळेल. तीन वाक्यांना अजून संदर्भ मिळालेला नाही, ती मिळाली नाहीत तर गळतील. लेख मुख्य विभागात गेल्यावर कोणी त्यावर हटवण्याची सूचना लावली तर घाबरून जाऊ नये. अशी चर्चा इंग्रजीत किमान सात दिवस चालते, मराठीत चर्चा पानावर आणि चावडीवर बोलता येते. तिथे मते मोजत नाहीत, युक्तिवाद बघतात. म्हणून एक आग्रहाची विनंती: प्रेमापोटी मंडळाच्या तीस-चाळीस जणांनी एकाच रात्री नवी खाती उघडून ‘लेख ठेवा’ असे लिहू नये. त्याने लेख वाचत नाही, उलट संशय वाढतो. ज्याच्याकडे नवा संदर्भ आहे त्याने एकट्याने लिहिले तरी पुरे. बाकीच्यांनी तोवर ते गाणे ऐकावे. काकांनी ऐकले आहे, दोनदा.